पंखा बंद केला की त्यातली ऊर्जा जाते कुठे?

मधली सुट्टी | शनिवार, रात्री ९:४०

लेकीला (सातवी) गृहपाठ आलाय: 'ऊर्जेच्या रूपांतराची दैनंदिन जीवनातील दहा उदाहरणे लिहा.' तिने दहा मिनिटांत दहाच्या दहा खरडली. पंखा: विद्युत ऊर्जेचं गतिज ऊर्जेत. बल्ब: विद्युत ऊर्जेचं प्रकाशात. मग इस्त्री, घंटा, सौरघट, बॅटरी, धनुष्यबाण वगैरे. मी वही चाळली, छान म्हटलं आणि सही करायला पेन उघडलं, तेवढ्यात प्रश्न आला. "आई, पंखा बंद केला की थोड्या वेळाने थांबतो. मग ती गतिज ऊर्जा कुठे गेली? ऊर्जा नष्ट होत नाही ना?"

मी म्हटलं, घर्षणात गेली.

"घर्षणात म्हणजे कुठे?"

इथे मी अडकले. त्यावर तिने दुसरा टाकला: पंखा तासभर एकाच वेगाने फिरतो, म्हणजे त्याची गतिज ऊर्जा काही वाढत नाही, आहे तेवढीच राहते. मग मीटर का पळत राहतं?

ह्याला मी "झोप आता, उशीर झाला" असं शास्त्रीय उत्तर दिलं. मी वाणिज्य शाखेची आहे, दया करा. तिच्या वहीत प्रत्येक उदाहरणापुढे एकच बाण आहे आणि तिला बाणाच्या पुढचं हवंय. जाणकारांनी उजेड पाडावा. शिवाय नेहमीच्या यादीत नसलेली उदाहरणं असतील तर तीही द्या.

जुना फोरमन | शनिवार, रात्री १०:१५

ताई, आधी मुलीला माझी शाबासकी सांगा. मी पंचवीस वर्षं मोटरी भरल्या, माझ्या हाताखालच्या एकाही पोराने हे विचारलं नाही.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट ओढतो, म्हणजे दर सेकंदाला ७५ ज्यूल. फिरत्या पात्यांत आणि रोटरमध्ये मिळून साठलेली गतिज ऊर्जा माझ्या अंदाजाने शे-दोनशे ज्यूल असेल. म्हणजे बटण दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांतच हा साठा भरून होतो. त्यानंतर पात्यांना वाढीव काही मिळतच नाही. दर सेकंदाचे ७५ ज्यूल एका बाजूने येतात आणि दुसऱ्या बाजूने जातात.

जातात कुठे? तास-दोन तास चाललेला पंखा बंद करा, पूर्ण थांबू द्या, मग शिडीवर चढून मधल्या डब्याला हात लावा. कोमट लागेल. ते वाइंडिंग तापलेलं असतं. थोडं बेअरिंगमध्ये जातं. उरलेलं सगळं पाती हवेला देतात. बटण बंद केल्यावर ते शे-दोनशे ज्यूलही त्याच वाटेने हवेत जातात.

झोपाळू मांजर | शनिवार, रात्री १०:३२

आणि हवा ते घेऊन काय करते? फिरायला जाते?

जुना फोरमन | शनिवार, रात्री १०:४०

फिरतेच. भिंतीला आपटते, पडद्याला आपटते, आपल्याच दुसऱ्या झोताला घासते आणि थांबते. मोठे झोत मोडून छोटे भोवरे होतात, छोट्यांचे आणखी छोटे, आणि शेवटी ती सगळी हालचाल हवेच्या रेणूंच्या विस्कळीत धडपडीत मिसळून जाते. त्या धडपडीला आपण उष्णता म्हणतो. पंखा बंद केल्यावर खोलीतली हवा मिनिटभरात शांत होते ना? ती शांत झाली म्हणजे तेवढी तापली.

झोपाळू मांजर | शनिवार, रात्री १०:४४

थांबा थांबा. म्हणजे पंखा लावला की खोली गरम होते?? इतकी वर्षं मी कोणाखाली झोपतोय?

एकक लिहा | शनिवार, रात्री ११:०५

होय, गरम होते. (शिक्षक आहे, त्यामुळे आकडेमोड करणारच. विद्यार्थ्यांनी हे नाव मागून ठेवलं होतं, ते मी पुढून घेतलं.)

खोली धरा ३ × ३.५ × ३ मीटर. हवा झाली ३१.५ घनमीटर, वजन सुमारे ३८ किलो. एवढ्या हवेचं तापमान एक अंशाने वाढवायला साधारण ३८,००० ज्यूल लागतात. पंखा तासाला देतो ७५ × ३,६०० = २,७०,००० ज्यूल. खोली पूर्ण बंद असती आणि फक्त हवाच तापली असती, तर तासाभरात सात अंश वाढले असते. प्रत्यक्षात भिंती, फरशी, सामान ही उष्णता पिऊन टाकतात आणि दारं-खिडक्यांतून बरीच निघून जाते, म्हणून फरक जाणवत नाही. आणि मांजरराव, शांत बसलेला माणूस स्वतः ८० ते १०० वॅट उष्णता सोडतो. खोलीतला मोठा हीटर तुम्ही आहात, पंखा नव्हे.

शंकासूर | शनिवार, रात्री ११:२०

आकडे ठीक आहेत हो, पण पटत नाही. पंख्याखाली गार वाटतं हा सगळ्या जगाचा अनुभव आहे. अनुभव खोटा आणि गणित खरं?

एकक लिहा | शनिवार, रात्री ११:३१

दोन्ही खरं. गार तुम्ही होता, खोली नाही. अंगाला चिकटलेला उबदार, दमट हवेचा थर पंखा उडवून लावतो आणि घाम भराभर वाळतो. वाळताना तो उष्णता तुमच्या कातडीतून घेतो. थर्मामीटरला घाम येत नाही, त्याला विचारा. आधी कोरडाच पंख्याखाली टांगा, मग त्याच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून टांगा.

मधली सुट्टी | रविवार, सकाळी ९:१०

केलं! सुटीचा दिवस आणि घरात डिजिटल थर्मामीटर (वायरीच्या टोकाला संवेदक असलेला), मग काय. कोरडा टांगला तर पंखा चालू, बंद, काही फरक नाही. २७.४ वर ठाण मांडून बसला. ओलं फडकं गुंडाळल्यावर पंख्याखाली सहा-सात मिनिटांत २३ च्या खाली. लेक शिडीखाली उभी राहून आकडे ओरडत होती.

वहीतल्या पंख्यापुढे आता तीन बाण झालेत. तिचं म्हणणं, बाकीच्या नऊच्या पुढेही वाढवायचे.

झोपाळू मांजर | रविवार, सकाळी ९:५५

म्हणजे सगळ्यांच्या शेवटी 'उष्णता' लिहायचं आणि खेळायला जायचं. सोपा गृहपाठ.

एकक लिहा | रविवार, सकाळी १०:२०

विनोद म्हणून म्हणालात, पण जवळजवळ तसंच आहे. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब घ्या. त्यातून दिसणारा प्रकाश जेमतेम दोन-तीन वॅट, बाकी थेट उष्णता. ९ वॅटच्या एलईडीतून साधारण तेवढाच प्रकाश मिळतो, म्हणून तो परवडतो. पण तो प्रकाशही भिंतीवर पडतो, काही परततो, काही शोषला जातो, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तोही भिंतीत उष्णता होऊन बसतो. खिडकीतून बाहेर निसटला तेवढाच वाचला. टीव्ही, मिक्सर, संगणक, सगळ्यांचं हेच. फ्रिजचं तर दार उघडं ठेवलं तर खोली गार होत नाही, उलट तापते. आतून काढलेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, दोन्ही मागच्या जाळीतून खोलीतच येतात.

चक्रधर | रविवार, दुपारी १२:०५

छान धागा. माझ्याकडून सायकलची भर.

१८ किमी वेगाने जाणारा मी आणि सायकल, मिळून ८० किलो. गतिज ऊर्जा बरोब्बर १,००० ज्यूल. ब्रेक दाबला की ते सगळे रिम आणि ब्रेकच्या रबरांत. एका थांब्याचं काही वाटत नाही, पण १०० मीटर उंचीचा उतार सावकाश, ब्रेक दाबत उतरलो तर हिशेब ७८,००० ज्यूलच्या पुढे जातो. पाव लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला एवढीच उष्णता लागते. एकदा लांब उतारावरून आल्यावर सहज रिमला बोट लावलं होतं, पुन्हा लावणार नाही. रिम फार तापली तर ट्यूब फुटू शकते, म्हणून जाणती मंडळी ब्रेक सतत धरून ठेवत नाहीत. जोरात दाबायचा, सोडायचा, वाऱ्याला रिम गार करू द्यायची.

दुसरं उदाहरण पंपाचं. हवा भरताना पंप घर्षणाने किती तापतो ते सगळ्यांनी पाहिलं असेलच.

एकक लिहा | रविवार, दुपारी १२:४०

पहिलं उदाहरण फर्मास. दुसऱ्याचं निरीक्षण बरोबर, कारण चुकलं. पंप मुख्यतः घर्षणाने तापत नाही.

शंकासूर | रविवार, दुपारी १२:५२

आता हेही नाही? वॉशर नळीला घासतो, नळी तापते. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

एकक लिहा | रविवार, दुपारी १:१५

वॉशर नळीच्या पूर्ण लांबीला घासतो. मग पंप पूर्ण लांबीला सारखा तापायला हवा. वीस-पंचवीस दट्टे मारून लगेच वरून खालपर्यंत हात फिरवा. वर जवळजवळ गार, आणि खाली जिथून रबरी नळी निघते तिथे चटका. हवा तिथे दाबली जाते. दट्टा हवेच्या रेणूंवर चालून येतो, त्यावर आपटून परतणारा प्रत्येक रेणू आधीपेक्षा जास्त वेगाने परततो. भिंतीवर मारलेला चेंडू आणि समोरून येणाऱ्या बॅटवर मारलेला चेंडू, हाच फरक. २७ अंशांची हवा एकदम एक तृतीयांश आकारमानात कोंबली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर गणिताने ती १९० अंशांपलीकडे जाते. डिझेल इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबतात. ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेटतं.

उलटा पुरावाही आहे. भरलेल्या टायरची पिन दाबून हवा सोडा, बाहेर येणारी हवा गार लागते. घर्षणाने कधी काही गार झालेलं ऐकलंय?

चक्रधर | रविवार, दुपारी २:३०

आत्ताच पंप घेऊन गच्चीवर गेलो होतो. खालचा भाग गरम, वरचा थंड. वीस वर्षं लोकांना घर्षण घर्षण सांगत आलो. मान्य, सपशेल.

नाडीपरीक्षा | रविवार, दुपारी ४:१०

डॉक्टरकीच्या बाजूने थोडं. ह्या ऊर्जेच्या अक्षय्यतेचा मान ज्यांना दिला जातो त्यांत एक जहाजावरचा डॉक्टर आहे, हे कमी जणांना माहीत असतं. युलिउस रॉबर्ट मायर १८४० मध्ये डच जहाजावर जावाला गेला होता. तिथे खलाशांच्या शिरेतून रक्त काढताना ते त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसलं, आधी तर चुकून धमनीच कापली की काय असं वाटलं. त्याने विचार केला: हवा उष्ण आहे, शरीराला ऊब टिकवायला कमी इंधन जाळावं लागतंय, म्हणून प्राणवायू कमी वापरला जातोय. तिथून त्याची गाडी अन्न, उष्णता आणि काम ह्यांच्या हिशेबावर गेली आणि १८४२ मध्ये त्याने ते छापलं.

आता आपल्यापुरतं. ६० किलोचा माणूस तीन मीटरचा एक मजला चढला की सुमारे १,७६० ज्यूल स्थितिज ऊर्जा कमावतो. स्नायू २० ते २५ टक्केच कार्यक्षम, म्हणजे त्यासाठी शरीर सात-आठ हजार ज्यूल जाळतं आणि बाकीची उष्णता. धाप आणि घाम त्याचाच.

पण मजा उतरताना आहे. ते १,७६० ज्यूल खाली येताना कुठे जातात?

झोपाळू मांजर | रविवार, दुपारी ४:१८

लिफ्टने उतरतो. माहीत नाही.

नाडीपरीक्षा | रविवार, दुपारी ४:३०

मांड्यांत. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतात, म्हणजे चक्रधर ह्यांच्या ब्रेकचं काम करतात. ती ऊर्जा तिथेच उष्णता होते. डोंगर चढून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्यात चढण्यापेक्षा उतरण्याचा वाटा मोठा असतो.

जुना फोरमन | रविवार, संध्याकाळी ६:४५

ह्याच मापात वीज मोजली की डोळे पांढरे होतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वरच्या १,७६० ने भागा, दोन हजारांवर मजले येतात. एका युनिटमध्ये साठ किलोचा माणूस दोन हजार मजले वर! आणि आपण तेच युनिट पाणी तापवायच्या रॉडमध्ये तासाभराच्या आत उडवतो. मोबाइलची ४,००० एमएएचची बॅटरी साधारण ५५,००० ज्यूलची, म्हणजे तीसेक मजले.

शंकासूर | रविवार, संध्याकाळी ७:३०

मग माझी एक जुनी कल्पना मांडतो, हसू नका. सायकलला मोटर. मोटरने चाक फिरतं, चाकाला डायनॅमो, डायनॅमोने बॅटरी भरते, बॅटरीने मोटर. चाक तर तसंही फिरतच असतं, मग त्यावरून फुकट वीज का काढू नये?

चक्रधर | रविवार, संध्याकाळी ७:४०

'तसंही फिरतच असतं' म्हणणाऱ्याने डायनॅमोचा जुना दिवा लावून चढावर सायकल मारलेली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

जुना फोरमन | रविवार, रात्री ८:०५

हसत नाही, माझ्याकडे दर वर्षी कोणीतरी हा आराखडा घेऊन यायचा. वाद न घालता मी त्याच्या हातात एक खेळण्यातली डीसी मोटर द्यायचो. ताई, हे मुलीलाही करू द्या, मोडक्या खेळण्यातून काढलेली चालेल.

मोटरचा दांडा दोन बोटांत धरून गरकन फिरवा. सहज फिरतो. आता मोटरच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना जोडा आणि परत फिरवा. काही बदललं नाही, तेल तेच, बेअरिंग तेच, पण दांडा जड झालेला असतो, मधात फिरवल्यासारखा. टोकं सोडवा, परत हलका. मोटर फिरवली की ती जनित्र होते. टोकं जोडली की कॉइलमधून प्रवाह वाहू लागतो, आणि तो प्रवाह तुमच्या बोटांना विरोध करतो. वीज घ्यायला लागलात की लगेच हात भरून येतो. दांड्याच्या त्या जडपणातच तिचं बिल वसूल होतं.

तुमच्या सायकलीवर डायनॅमो वीज द्यायला लागला की चाक तेवढं जड होणार, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर काही ना काही तापणार. ३ वॅटच्या दिव्यासाठी बाटलीवाला डायनॅमो पायांतून निदान दुप्पट काढतो.

अवांतर: मोटर आणि जनित्र एकच यंत्र, हे नीट उमगलं तेही म्हणे घोटाळ्यातून. १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्राम ह्यांच्या एका डायनॅमोच्या वायरी चालू असलेल्या दुसऱ्याला जोडल्या गेल्या आणि तो आपोआप फिरायला लागला.

मधली सुट्टी | रविवार, रात्री ९:००

मोटर सापडली, जुन्या गाडीतली. लेक पंधरा मिनिटं नुसती टोकं जोडतेय आणि सोडतेय. तोंडाने "जड... हलकं... जड..." चालू आहे. मीही फिरवून पाहिली. खरंच कोणीतरी आतून धरल्यासारखं वाटतं.

अशी उलटसुलट चालणारी आणखी काय काय आहेत?

जुना फोरमन | रविवार, रात्री ९:२५

पुष्कळ. वायरीचा इअरफोन माइकच्या खाचेत घालून त्यात बोला, माइक म्हणून चालतो. लाल एलईडी मल्टिमीटरला जोडून कडक उन्हात धरा, दीडेक व्होल्ट दाखवील. दिवा असून सौरघटाचं काम करतो.

गॅसचा लायटर तर माझा लाडका. आत स्प्रिंग, छोटा हातोडा आणि एक चिनी मातीसारखा दिसणारा तुकडा. अंगठ्याने दाबताना स्प्रिंग आवळली जाते, ठरावीक जागी सुटते, हातोडा 'टक' करून तुकड्यावर आपटतो आणि तुकड्याच्या दोन टोकांत हजारो व्होल्ट उभे राहतात. स्फटिक दाबून वीज निघते हे क्युरी भावांनी १८८० मध्ये दाखवलं. पिएर आणि जाक.

मधली सुट्टी | रविवार, रात्री ९:३८

मग यादीत लिहायचं ना: अंगठ्याची यांत्रिक ऊर्जा → वीज → ठिणगी → ज्योत?

एकक लिहा | रविवार, रात्री ९:५०

ठिणगीपर्यंत बरोबर, 'ज्योत'पाशी साखळी तोडा. ज्योतीची ऊर्जा अंगठ्यातून आलेली नाही, ती गॅसमध्ये आधीच आहे. ठिणगी फक्त कुलूप उघडते. आगपेटीचंही तसंच, काडी घासता तेव्हा कडेच्या पट्टीतला तांबडा फॉस्फरस आणि गुलातलं पोटॅशियम क्लोरेट ह्यांचं जुळवून देता. घासण्याची ऊर्जा क्षुल्लक असते. ही चूक पुस्तकांच्या आकृत्यांतही दिसते: बटण दाबणाऱ्या बोटापासून बाण काढतात!

शंकासूर | सोमवार, सकाळी ८:१५

रात्रभर विचार करून आलोय. घड्याळाची स्प्रिंग चावी देऊन घट्ट आवळली, तारेने बांधली आणि बांधलेलीच अ‍ॅसिडमध्ये टाकून पूर्ण विरघळवली. सुटलीच नाही, काही फिरवलं नाही. साठवलेली ऊर्जा कुठे गेली? आता बोला.

एकक लिहा | सोमवार, सकाळी ८:४०

प्रश्न नामी आहे, पण जुना. अ‍ॅसिड किंचित जास्त तापतं. आवळलेल्या स्प्रिंगमध्ये अणू आपल्या सोयीच्या अंतरापासून थोडे ओढलेले किंवा दाबलेले असतात. ते विरघळताना तेवढी ऊर्जा जास्तीची सुटते. फक्त विरघळण्याच्या रासायनिक उष्णतेपुढे ती इतकी थोडी असते की घरच्या थर्मामीटरला कळणारही नाही.

ताणलेल्या वस्तूत काहीतरी घडतं हे ओठांना मात्र कळतं. रुंद रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि ताणलेलाच वरच्या ओठाला लावा: कोमट. काही सेकंद ताणून धरा, मग सैल सोडून लगेच लावा: गार.

झोपाळू मांजर | सोमवार, सकाळी ९:०५

कार्यालयात रबरबँड ओठाला लावून बसलोय. साहेब बघून गेले. पण लागतंय खरं गार!

मधली सुट्टी | मंगळवार, रात्री ८:३०

सर, एक शंका. पंख्याची हवा 'थांबली म्हणजे तापली' हे लेकीला पटलंय असं ती म्हणते, पण मला दिसतंय की तिने ते ऐकून घेतलंय फक्त. थांबण्यातून उष्णता होते हे घरी मोजता येईल का?

एकक लिहा | मंगळवार, रात्री ९:१५

येईल, आणि ह्याच प्रश्नापायी जेम्स ज्यूलने उमेदीची वर्षं घातली. घरचा मद्याचा कारखाना होता, त्यामुळे अचूक थर्मामीटरची सवय. पडत्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापतं ते मोजायचं. १८४७ मध्ये लग्नानंतर आल्प्समध्ये फिरायला गेला तेव्हाही थर्मामीटर बरोबर, धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी मोजायला! वाटेत भेटलेल्या विल्यम थॉमसनने (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) ही आठवण सांगितली आहे. तुषारच इतके की मोजमाप जमलं नाही. जमलं असतं तरी एक अंश वाढायला पाणी सुमारे ४२७ मीटर पडावं लागतं. नववधूचं मत उपलब्ध नाही.

पाण्याऐवजी लोखंड घ्या, ते नवव्या हिश्शाच्या उष्णतेत तेवढंच तापतं. मीटरभर प्लास्टिकचा पाइप, दोन्ही टोकांना बुचं, आत सायकलचे पोलादी छर्रे. पाइप उभा धरायचा, झटकन उलटा करायचा, छर्रे वरून खाली आपटतात. असं १०० वेळा. छर्‍यांनी अडवलेली जागा वजा करून पडण्याचं अंतर ०.९ मीटर धरा. किलोमागे ९.८ × ०.९ × १०० = ८८२ ज्यूल. पोलादाला किलोमागे अंशाला ४६० लागतात. म्हणजे १.९ अंश वाढ. किती छर्रे घेतले ह्याने फरक पडत नाही, वजन दोन्हीकडून कटतं.

मधली सुट्टी | शुक्रवार, रात्री ९:२०

अहवाल. छर्रे अर्धा किलो, सुरुवात २७.२. लेकीने ६० वेळा, मी ४० वेळा. दंड गेले. बूच काढून संवेदक छर्‍यांत खुपसला: २८.३. वाढ १.१. लेक नाचली, मग वहीत १.९ बघून गप्प झाली. "बाकीचं कुठे गेलं?"

मग पाव किलो घेऊन केलं तर वाढ फक्त ०.८! वजन कटतं म्हणालात ना सर?

शंकासूर | शुक्रवार, रात्री ९:३२

आधी हे सांगा, चार-पाच मिनिटं पाइप हातात धरला होता. हाताची ऊब नाही का लागली? न उलटता नुसता धरून पाहिलात का?

एकक लिहा | शुक्रवार, रात्री ९:५५

शंकासूर, ह्या धाग्यावरची सगळ्यात चांगली सूचना. ताई, ते करायलाच हवं.

०.८ चं कारण: छर्‍यांचं वजन हिशेबातून कटतं, पण पाइप आणि बुचं तेवढीच राहतात, त्यांनाही तापायचं असतं. छर्रे कमी तर त्यांच्या कमाईतला मोठा वाटा पाइप खातो.

जुना फोरमन | शुक्रवार, रात्री १०:१०

रबरी बुचं काढा, छर्रे त्यावर उडतात आणि दणका रबरात मुरतो. दाट लाकडाची बसवा. पाइपला बाहेरून जाड फोम गुंडाळा आणि फोमवरच धरा. छर्रे पाऊण किलो घ्या.

मधली सुट्टी | रविवार, सकाळी ११:४०

सगळं ऐकलं. नुसता धरून पाच मिनिटं: वाढ ०.१, म्हणजे हाताचा आरोप जवळजवळ निर्दोष सुटला. मग लाकडी बुचं, फोम, पाऊण किलो आणि २०० उलट्या. गणिताने ३.८ यायला हवं होतं, आलं २.६. लेकीच्या मते हे झकास आहे. वहीत साखळी लिहिली आहे: आम्ही जे खाल्लं ते → दंड → वर गेलेले छर्रे → पडणारे छर्रे → गरम छर्रे. शेवटच्या बाणापुढे तिने जागा मोकळी सोडली आहे.

शंकासूर | रविवार, सकाळी ११:५५

आणि राहिलेले १.२ अंश?

मधली सुट्टी | रविवार, दुपारी १२:१०

पाइप, बुचं, फोम. आणि थोडी खालच्या मजल्यावर गेली. ते आत्ताच वर येऊन विचारून गेले, सकाळपासून हा कसला खडखडाट चाललाय.

एकक लिहा | रविवार, दुपारी १२:२५

आवाजात गेलेली ऊर्जा अगदी नगण्य असते. तक्रारीला मात्र तेवढी पुरते.